वाळवंटातली शिवराई

नातेपुत्याहून सकाळच्या एस.टी.ने आम्ही पंढरपूरला गेलो. चंद्रभागेच्या वाळवंटात पोरे दोरीला लोहचुंबक बांधून नाणी शोधत होती. चुंबकाला पोलादी नाणी चिकटतात, तांबे नाही. जुना पैसा सापडतो तो वाळू चाळूनच.

एकाने हिरवट चकती दाखविली. एका बाजूस ‘छत्रपति’ वाचता आले. शिवराईच ती! दुसऱ्या बाजूस ‘श्री राजा शिव’ असते, पण ती त्याने विटेवर घासून चकचकीत केली होती. आम्हाला फार हळहळ वाटली.

नाण्यावरच्या अक्षरांचे मोल आपल्या समाजाने तरी ओळखावे. समुद्रकाठच्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खोदला. करंडकासोबत चांदीचे एक नाणे निघाले. त्यावरून यज्ञश्री सातकर्णी राजाचे नाव लागले आणि करंडक तेथे दुसऱ्या शतकाआधी ठेवलेला नाही, हे कळले. ते नाणे कुणी घासले असते तर?

जमिनीत दहा रुपयांवरचा ठेवा सापडल्यास कलेक्टरांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. आम्ही पोराला तेही सांगितले.

“काका, भंगारवाला पाच रुपये देतो म्हणाला.”

“घासू नकोस. फडक्यात बांध, गुरुजींना दाखव.”

त्याने चकती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पुन्हा चाळणी उचलली.