मुंबईंतील एक जागरण

पेठ वडगांवीं रात्रीं दहानंतर दिवा जळत दिसला तर शेजारी दुसरे दिवशीं सकाळीं "घरांत कोणाला बरें नाहीं का?" म्हणून चौकशीस येतात. अशा गांवांत ज्यांचा जन्म गेला त्या चार वृद्धांनीं पाठीवर पिशव्या बांधून मुंबईच्या रस्त्यांवर एक सबंध रात्र काढावी, हें आमच्या सूनबाईंना अजून खरें वाटत नाहीं. वाचकांनाहि तें चमत्कारिक वाटेल. परंतु घडलें तें असें.

गेल्या डिसेंबरांत आम्ही चौघे स्नेही मुंबईस गेलों होतों. अण्णा हे निवृत्त पोस्टमास्तर. हिशेब, पत्ते आणि गाड्यांच्या वेळा हें खातें त्यांचें. वैद्यबुवा गांवांतच औषधें देतात. ड्रॉइंगमास्तरांनीं व आम्हीं एकाच शाळेंत तीस वर्षें काढलीं. ते चित्रकला शिकवीत, आम्ही संस्कृत. सरसेनापति धनाजी जाधव १७०८ सालीं वडगांवींच निवर्तले व त्यांची समाधि गांवांत आहे. दर वर्षीं नववीच्या मुलांना त्या समाधीसमोर बसवून चित्र काढावयास लावणें हा ड्रॉइंगमास्तरांचा नेम असे. "दगड काळा नसतो रे, नीट पाहा," हें त्यांचें वाक्य गांवांतल्या दोन पिढ्यांना पाठ आहे.

आमचें आयुष्य ट्रंक आणि वळकटी यांच्या संगतींत गेलें. या खेपेस मात्र अण्णांच्या नातवानें डोंगर चढणाऱ्या तरुणांच्या पाठपिशव्या आम्हां सर्वांस आणून दिल्या. "हात मोकळे राहतात, आजोबा," असें त्याचें म्हणणें. हात मोकळे राहतात हें खरें, पण वैद्यबुवांच्या पाठीवर ती पिशवी चढविण्यास दर वेळीं दोघांचे हात गुंतत.

तिसरे दिवशीं सकाळीं धर्मशाळा सोडली. रात्रीं डोंबिवलीस अण्णांच्या भाच्याकडे उतरावयाचें ठरलें होतें. दिवसा आम्हीं तिघांनीं वस्तुसंग्रहालय पाहिलें. पूर्वीं प्रिन्स ऑफ वेल्सचें म्हणत आणि आतां छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव धारण करतें, तेंच हें. १९२२ सालीं तें लोकांस खुलें झालें. तेथील जुनीं चित्रें पाहतांना आम्हांला राहून राहून आश्चर्य वाटत होतें कीं, ज्यानें प्रथम येथें यावें तो आमचा चित्रकार नेमका आज गैरहजर! "चष्म्याचा नंबर पाहून येतों," एवढें सांगून ड्रॉइंगमास्तर एकटेच एका इस्पितळांत गेले होते. सायंकाळीं गिरगांवांत त्यांची गांठ पडली. तेथें एक संगीत नाटक पाहिलें. नाटक बरें होतें. नटीचा आवाज गोड, ऑर्गन जरा वरचढ. अकराच्या सुमारास बाहेर पडलों, तों ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "समुद्र जवळच आहे. पांच मिनिटें बसूं."

गाडीची वेळ अण्णांनीं सांगितली आणि घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें. तें योग्यच होतें. शाळेची घंटा कित्येक वर्षें आमच्या मनगटावरील याच घड्याळाच्या हुकमानें होत असे.

चौपाटीवरून नरीमन पॉइंटाकडे वळलेली मरीन ड्राइव्हची ती सुमारें साडेतीन किलोमीटरची कमान रात्रीं पाहिली म्हणजे तिला राणीचा कंठहार कां म्हणतात तें कोणी सांगावें लागत नाहीं. २०१५ सालीं येथले पिवळे दिवे काढून पांढरे बसविले तेव्हां मुंबईकरांनीं ओरड केली होती. आम्हांला ती ओरड त्या वेळीं पोरकट वाटली होती. दिवा लागल्याशीं कारण! ड्रॉइंगमास्तर मात्र तेव्हां वडगांवांत बसून हळहळले होते. त्या रात्रीं कठड्यावर बसून ते त्या दिव्यांकडे फार वेळ बघत राहिले. सायकलवर किटली बांधलेला एक चहावाला आला. बाहेरचें कांहीं न घेणाऱ्या वैद्यबुवांनीं चहा घेतला, आणि मागाहून पाहतों तों दुसराहि घेतला.

मग ड्रॉइंगमास्तरांनीं पिशवीतून एक लहानशी कुपी काढून वैद्यबुवांपुढें धरली. "हा एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत घाला. माझा हात हलतो."

वैद्यबुवांनीं कुपी दिव्याकडे धरून नांव वाचलें. त्यांनीं थेंब घातले, झांकण नीट बसविलें आणि मग विचारलें, "किती दिवस?"

"मला कळून दोन वर्षें. प्रत्यक्षांत केव्हांपासून, देव जाणे."

काचबिंदु. मोतीबिंदु झाला तर तो काढून नवें भिंग बसवितात आणि माणूस आठ दिवसांनीं वर्तमानपत्र वाचूं लागतो; याचें तसें नाहीं. डोळ्यांतील दाब वाढून आंतली नाडी झिजत जाते. दुखत नाहीं, खुपत नाहीं. दृष्टि प्रथम कडेनें जाते, आणि समोरचें स्वच्छ दिसत असल्यानें ज्याची जाते त्यालाच तें कळत नाहीं. थेंबांनीं दाब उतरतो व उरलेली दृष्टि राखतां येते. गेलेली परत येत नाहीं. त्या दिवशीं इस्पितळांत डॉक्टरांनीं हेंच सांगितलें होतें, आणि कडेची बरीचशी गेली आहे असें कागदावर काळें करून दाखविलें होतें. "सगळें काळें नाहीं म्हणा," मास्तर म्हणाले, "मध्यें पांढरें पुष्कळ आहे."

कोणी कांहीं बोललें नाहीं. गेल्या दोन वर्षांत मास्तरांचें दारांच्या चौकटींना धडकणें, ताट वाढलेलें असतां वाटी लवंडणें, रस्त्यांत आम्ही बाजूनें हांक मारली तर दचकणें, हें सर्व आम्हांला आठवलें. आम्हीं त्यावर थट्टा केली होती. एकदां तर वर्गांतील मुलासारखें "लक्ष कोठें असतें तुमचें?" म्हटलें होतें.

किती वेळ गेला कोण जाणे. अण्णांनीं वेळ विचारली. घड्याळांत पावणेबारा झाले होते. चहावाल्याला विचारलें तर तो म्हणाला, "साडेबारा वाजून गेले, बाबा!" ज्या घड्याळावर शाळा चालली तें पाऊण तास मागें पडलें होतें, आणि बोरीबंदराहून डोंबिवलीकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती.

अण्णांनीं भाच्यास फोन केला. तो भला मुलगा. "मोटार पाठवितों, जेथें आहांत तेथेंच थांबा," म्हणाला. अण्णा भाड्याचा आंकडा ऐकून गप्प झाले. तेवढ्यांत ड्रॉइंगमास्तरांनीं त्यांचा हात धरला. "राहूं द्या, अण्णा. पहिली गाडी चारनंतर आहे ना? तोंवर हिंडूं या. दिवे आहेत तोंवर मला पाहूं द्या."

याप्रमाणें आमचें जागरण सुरू झालें. चर्चगेटावरून ओव्हल मैदानाशीं आलों. मैदानापलीकडे राजाबाई टॉवर उभा होता. हा १८७८ सालीं पुरा झाला. उंची सुमारें दोनशें ऐंशी फूट. प्रेमचंद रायचंद या धनाढ्य व्यापाऱ्यानें तो आईच्या नांवें बांधविला. मातोश्री अंध होत्या, आणि जैनधर्माप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं जेवण्याची वेळ त्यांना घंटेवरून कळावी हा हेतु होता, अशी आख्यायिका आहे. ती आम्हांला ठाऊक होती. परंतु त्या रात्रीं ती सांगण्याचें आमच्या जिवावर आलें. सांगितली ती मास्तरांनींच, आणि वर म्हणाले, "आमच्या वेळीं मुलानें तुमच्या घड्याळावर विसंबूं नये म्हणजे झालें!" वैद्यबुवा इतक्या मोठ्यानें हंसले कीं कोपऱ्यावरचा पोलीस शिपाई आमच्यापाशीं आला. चार म्हातारे आणि चार पाठपिशव्या पाहून त्यानें "घरून भांडून आलांत काय?" असें विचारलें. गांव सांगतांच तो निवळला. त्याची सासुरवाडी इचलकरंजीची निघाली.

हुतात्मा चौकांत क्षणभर उभे राहून दादाभाई नौरोजी रस्त्यानें बोरीबंदराशीं पोंचलों. गाडीस वेळ होता, आणि मास्तरांची पावलें स्टेशनांत न वळतां पुढें चाललीं होतीं. कोठें, हें आम्हांला फाटकापाशीं आल्यावर समजलें. जे. जे. कलाशाळा! सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगींतून १८५७ सालीं निघालेली ही शाळा. आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान येथेंच शिकले. कोल्हापूरचेच धुरंधर १८९० सालीं विद्यार्थी म्हणून आले आणि पुढें त्याच शाळेच्या सर्वोच्च जागेवर चढले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें त्यांचें पुस्तक मास्तरांच्या कपाटांत आहे. ते मास्तर स्वतः सदुसष्टाव्या वर्षीं, पहाटे तीन वाजतां, त्या बंद फाटकाशीं प्रथम उभे राहिले.

"पंचाहत्तर सालीं येथें यावयाचें मनांत होतें," ते म्हणाले. "घरीं बहिणींचीं लग्नें होतीं. वडिलांना विचारलेंच नाहीं. विचारलें असतें तर त्यांनीं शेत विकलें असतें, म्हणून नाहीं विचारलें."

मग त्यांनीं वही काढली आणि आम्हां तिघांना दिव्याखालीं पदपथाच्या कडेस बसविलें. आम्ही नेहमींच्या संवयीनें तिघे तीन दिशांना पसरून बसलों होतों. त्यांनीं पेन्सिल धरली, वैद्यबुवांकडे पाहिलें. मग मान पूर्ण वळवून अण्णांकडे, पुन्हां वहीकडे, मग दुसरीकडे मान वळवून आमच्याकडे. असें चार-पांच वेळां झालें. अण्णांच्या तें ध्यानांत आलें. ते कांहीं न बोलतां उठले आणि वैद्यबुवांना खेटून बसले. दुसऱ्या बाजूनें आम्हीहि सरकलों. तिघांचे खांदे एकमेकांस लागले, पिशव्या मांडीवर आल्या, थंडीहि कमी वाजूं लागली.

"आतां ठीक. आतां सगळे बसतां," मास्तर म्हणाले आणि काढूं लागले.

चित्र पुरें होईतों चार वाजले. पहिल्या गाडीनें डोंबिवलीस गेलों तेव्हां भाचा दारांतच उभा होता. त्यालाहि झोंप नव्हती, हें मात्र आमच्या हिशेबांतून राहिलें होतें.

तें चित्र वैद्यबुवांच्या दवाखान्यांत लावलें आहे. तिघांच्याहि पागोळ्या आल्यासारखे डोळे आणि वैद्यबुवांच्या डोक्यावर वांकडी कानटोपी. ड्रॉइंगमास्तरांनीं घरीं सर्व सांगितलें. थेंब आतां रोज रात्रीं नऊ वाजतां वैद्यबुवा घालतात, आणि वेळेची आठवण करण्याचें काम अण्णांनीं आपल्याकडे घेतलें आहे. आम्हीं घड्याळ कोल्हापुरास दुरुस्तीला दिलें. दुकानदार म्हणाला, फार जुनें आहे, दोन महिने लागतील.