माझा छंद आणि आजोबांचे पाकीट

प्रत्येकाला कसला ना कसला छंद असतो. कुणी काडेपेटीची चित्रे जमवतो, कुणी पक्ष्यांची पिसे. मला गेल्या दिवाळीपासून पोस्टाची जुनी तिकिटे जमवण्याचा नाद लागला. खरे सांगायचे तर सुरुवात हावेपोटी झाली. जुन्या तिकिटाला लाखो रुपये मिळतात, असे मी ऐकले होते. आजीच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पाकिटे आहेत, हे मला ठाऊक होते. मनात म्हटले, आता आपण श्रीमंत झालो!

आजीने मला दोन पाकिटे दिली. एक पणजोबांना कचेरीतून आलेले. त्यावर उर्दू अक्षरांचे तिकीट होते. दुसरे आजोबांचे. १९७२ च्या दुष्काळात आजोबा ऊस तोडायला कारखान्याला गेले होते. तिथून त्यांनी ते आजीला पाठवले होते. आतले पत्र आजीने देवघरात पोथीत जपून ठेवले आहे. या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे एक छोटे तांबडे तिकीट होते.

उर्दू तिकीट किमती असणार, म्हणून त्याला मी हात लावला नाही. पाच पैशांचे ते काय मोलाचे, असे समजून आजोबांचे पाकीट मी घमेल्यातल्या पाण्यात बुडवले आणि लंगडी खेळायला गेले. परत येऊन पाहते तो पाणी निळे झालेले! तिकिटे सुटली, पण पाकीट उचलताच हातात फाटले. ओले तुकडे मी उकिरड्यावर टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी सगळा खजिना घेऊन मी गुरुजींकडे गेले. त्यांनी भिंग काढले. म्हणाले, "आधी तिकीट कुठलं ते बघायचं, किंमत मागून." माझ्या मैत्रिणीच्या आजोबांना उर्दू येते. त्यांनी वाचून सांगितले की तिकिटावर नंतर मारलेला काळा छाप 'सरकारी' असा आहे. म्हणजे ते सरकारी कामाच्या टपालाचे तिकीट. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत. १९३१ च्या तिकिटांवर तर चारमिनार, अजिंठ्याची लेणी आणि दौलताबादचा मिनार अशी चित्रे आहेत.

"मग लाख रुपये येतील ना, गुरुजी?" मी विचारले.

गुरुजी हसले. म्हणाले, "अगं, असली सरकारी छापाची तिकिटं ढिगानं सापडतात. जुनं म्हणजे महाग असं नसतं. जगातलं पहिलं तिकीट इंग्लंडात १८४० साली निघालं. त्याच्या साडेसहा कोटींहून जास्त प्रती छापल्या होत्या, म्हणून ते आजही विकत मिळतं. किती प्रती उरल्या, किती जणांना हव्यात आणि तिकीट किती धड आहे, यावर किंमत ठरते. तुझ्या तिकिटाचे दात एका बाजूने तुटलेत बघ."

मग त्यांनी काठाची भोके मोजायला शिकवले. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोके येतात ते मोजतात. कागद उजेडाकडे धरून जलचिन्ह कसे बघायचे तेही दाखवले. आणे असले तर तिकीट जुने. नये पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले.

शेवटी त्यांनी तांबडे तिकीट हातात घेतले आणि बराच वेळ गप्प राहिले. १९७१ साली आजच्या बांगलादेशातून सुमारे एक कोटी माणसे जीव वाचवून भारतात आली होती. त्यांच्या मदतीसाठी त्या नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. आधी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर छाप मारून काम भागवले, मग खास तिकीट काढले. गुरुजी म्हणाले, "हे तिकीटही दुर्मिळ नाही. पण बघ, इकडे दुष्काळ, पोटासाठी माणूस ऊस तोडायला गेलेला. त्याचेही पाच पैसे त्या लोकांना पोचले. आता पाकीट दाखव. शिक्क्यावरून कोणत्या कारखान्याचं गाव ते कळेल."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिकिटावर शिक्क्याचा अर्धाच भाग होता. त्यात फक्त '७२' एवढे वाचता येत होते. गावाचे नाव पाकिटाबरोबर गेले होते. मी उकिरडा उपसला, पण काही हाती लागले नाही.

घरी आजीला विचारले. ती म्हणाली, "मला कुठं वाचाया येतंय, लेकरा? खाली कारखान्याला गेल्ते, एवढंच ठावं. गावाचं नाव त्या पाकिटावर व्हतं म्हण." पोथीतले पत्रही मी वाचले. त्यात गुरांची आणि लेकरांची विचारपूस आहे, गावाचे नाव नाही. आजोबा आता हयात नाहीत. आजी मला रागावली नाही, पण त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही.

आता मी पाकिटावरचे तिकीट काढत नाही. शिक्क्यासकट सगळे पाकीट वहीत ठेवते. सुटे तिकीट चिमट्याने धरते, डिंक लावत नाही. माझ्याकडे आज सदतीस तिकिटे आहेत. बाजारात त्यांचे फार पैसे येणार नाहीत. पण पहिल्या पानावर ते ५ पैशांचे तांबडे तिकीट आहे. त्याखाली मी लिहिले आहे, 'आजोबांचे, १९७२, गाव माहीत नाही.'

बालमित्रांनो, घरात जुने पाकीट सापडले तर आधी शिक्का वाचा आणि वहीत उतरून घ्या. आणि आज शाळेत आलेल्या पालकांना माझी नम्र विनंती आहे की, जुनी पत्रे कृपा करून चुलीत घालू नका. कोण कुठून आले, कुठे गेले, हे त्यांवरच लिहिलेले असते.

— इयत्ता ७ वी