मंडपेश्वराच्या माथ्यावरचा मठ

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात नाचणाऱ्या शिवाचे भग्न शिल्प आहे, तिथेच भिंतीत कोरलेला क्रूसही आहे, आणि लेण्याच्या थेट माथ्यावर फ्रान्सिस्कन मठाच्या उघड्या दगडी भिंती. मध्ययुगीन युरोपात राजसत्ता आणि धर्मसत्ता यांची गाठ कशी बसली होती, हे मुंबईत इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळते.

या गाठीच्या पोर्तुगीज रूपाचे मूळ धर्मयुद्धांत आहे. त्या युद्धांत लढलेल्या टेम्प्लर या शस्त्रधारी संन्याशांचा संघ पोपने १३१२ मध्ये मोडला. पोर्तुगालचा राजा दिनीश याने त्यांची तिथली मालमत्ता हातची जाऊ दिली नाही. पोपच्या मान्यतेने १३१९ मध्ये त्याने ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ उभी केली. समुद्रापलीकडे जिंकलेल्या मुलखाचा धार्मिक कारभार १४५६ च्या आज्ञापत्राने तिच्याकडे आला, आणि १५५१ मध्ये तिचे प्रमुखपद पोर्तुगीज राजघराण्याकडे कायमचे गेले. चर्च बांधायचे राजाने, पाद्री पोसायचे राजाने. म्हणून बिशप सुचवायचा हक्कही त्याचाच. हाच पाद्रोआदो.

मुघल बादशहा हुमायूनची धास्ती घेतलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसईसह साष्टी, म्हणजे बोरिवली ज्यावर आहे ते बेट, पोर्तुगिजांना दिली. मागोमाग मिशनरी आले. अंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने मंडपेश्वराच्या लेण्याचे चर्च केले. जेझुइटांनी १५७९ मध्ये अंधेरीत चर्च बांधले, त्याचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. दुसऱ्याचे पूजास्थान असे ताब्यात घेणे हा अन्यायच होता, आणि तो झाकून साष्टीचा इतिहास सांगता येत नाही.

पण तेवढ्यावर थांबणे हाही अन्याय ठरेल, इथल्या ख्रिस्ती माणसांवरचा. धर्म बदललेल्या कोळी-कुणब्यांनी घरातली मराठी सोडली नाही. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या या समाजाच्या लग्नात आजही वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात. ही रीत ना लिस्बनने शिकवली, ना रोमने.

मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली, दोन वर्षांनी वसईही. राज्य गेले तरी पोर्तुगालने धर्माधिकारावरचा दावा सोडला नाही. ब्रिटिश मुंबईत काही चर्च पाद्रोआदोची, तर काही थेट रोमने नेमलेल्यांची, असा दुहेरी कारभार रोम आणि पोर्तुगाल यांच्या १९२८ च्या करारापर्यंत चालला. भारतातले उरलेले विशेषाधिकार पोर्तुगालने १९५० मध्ये सोडले. त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.