चौथं पात्र

डिसेंबर २०२४ मध्ये 'टेकन ८'चं चौथं विकतचं पात्र आलं. विषय निघाला की माझं डोकं अजून फिरतं. क्लाइव्ह रॉसफील्ड, 'फायनल फँटसी १६'चा नायक. हातात भलीमोठी तलवार, वार केला की आगीचे लोळ. दिसायला देखणा, बनवलायही मन लावून. पण टेकनचा नाही.

टेकन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की दोघांची हाणामारी, प्रत्येकाची लढायची तऱ्हा वेगळी, आणि हे १९९४ पासून चालू आहे. आमच्या डोंबिवलीत ते आलं 'टेकन ३'च्या रूपानं, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, तासाच्या हिशेबानं पैसे देऊन. कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो. पात्रांची नावं कुणाला धड घेता येत नसत, म्हणून फॉरेस्ट लॉ झाला ब्रूस ली, योशिमित्सू तलवारवाला, हेइहाची म्हातारा. माझा होता जॅकी चॅन, म्हणजे हाँगकाँगचा पोलीस लेई वूलाँग.

लेई कसा लढतो हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. साप, सारस, वाघ, बिबट्या, ड्रॅगन अशा पाच शैली, आणि एकीतून दुसरीत शिरायची सोय. मध्येच दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. समोरच्याकडे चक्क पाठ करून उभा राहतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे, काही झालेलं नसताना जमिनीवर आडवा पडतो. समोरचा बेसावध जवळ आला, की खालूनच लाथ. पार्लरमधली पोरं ओरडायची, "झोपला रे, झोपला!" शिकायला अवघड, जिंकायला त्याहून अवघड. पण लेईनं जिंकलेली एक मॅच इतरांच्या दहा मॅचना भारी, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

'टेकन ७' आलं तेव्हा मूळ खेळात लेई नव्हताच. २०१८ मध्ये तो वेगळे पैसे मोजून घ्यावा लागला. घेतला. कुरकुर केली नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'टेकन ८' बत्तीस पात्रं घेऊन आलं, त्यातही लेई नाही. म्हटलं, येईल मागाहून, मागच्या वेळीही आलाच होता. शिवाय वर्षभरात चार पात्रं येणार म्हणून पास विक्रीला होता. घेतला.

आता त्या पासचं ऐका. तो घेतला तेव्हा चारपैकी फक्त एक नाव ठाऊक होतं, एडी गोर्डो. बाकी तीन गुलदस्त्यात. म्हणजे खाणावळीत ताटाचे पैसे आधी घ्यायचे, एकच वाटी दाखवायची आणि बाकीच्यांवर झाकण. वरून लाडीगोडी अशी, की पासवाल्यांना प्रत्येक पात्र तीन दिवस आधी मिळेल. तीन दिवस आधी काय मिळेल, ते मात्र विचारायचं नाही!

आणि पहिला कोण, तर एडी! पार्लरमधल्या निम्म्या भांडणांचं मूळ. ब्राझीलचा कापोएरावाला. लाथांची दोन बटणं डोळे मिटून बडवत बसलं तरी समोरचा हैराण. आमच्याकडे शेवटी "एडी घ्यायचा नाही" असा नियमच झाला होता. माझा मावसभाऊ याच एडीवर मोठा झाला. त्यानं फोन करून सांगितलं, "बघ, तुझ्या जॅकीच्या आधी माझा आला." दुसरी पोलंडची कराटेवाली लिडिया सोबिएस्का, हीही 'टेकन ७'च्या शेवटी विकतच आलेली. तिसरा खुद्द हेइहाची. त्याला 'टेकन ७'मध्ये पोटच्या पोरानं लाव्हारसात फेकला होता आणि या वेळी म्हातारा खरंच मेला, असं आम्हाला पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं होतं. लाव्ह्यातून माणूस परत येतो, आणि साधा ड्यूटीवर असलेला पोलीस येत नाही?

उरली एक जागा. माझी खात्री होती. खात्री कशावरून, तर कशावरूनच नाही. आणि आला क्लाइव्ह.

धंद्याचं गणित मला कळत नाही असं नाही. पाहुणा आणला की दुसऱ्या खेळाचे चाहतेही पाकीट उघडतात. 'टेकन ७'मध्ये 'फायनल फँटसी'मधलाच नॉक्टिस आणला, 'वॉकिंग डेड'मधला बॅटवाला नीगन आणला, ते त्यासाठीच. लेईच्या इतक्या शैली, तेवढ्या हालचाली नव्यानं घडवायच्या आणि खेळणारे मूठभर, हे कुठल्या हिशेबात बसणार? विकतचं पात्र खपवायचा दुसरा मार्गही आम्ही पाहिलाय. डिसेंबर २०१९ मध्ये लीरॉय स्मिथ आला तो इतका बलाढ्य, की पुढच्याच महिन्यात एव्हो जपान स्पर्धेच्या अंतिम आठांत जिकडेतिकडे लीरॉयच. नंतर त्याची धार कमी केली. विकून झाल्यावर!

मावसभाऊ म्हणतो, "अरे, 'टेकन ३'मधला गॉन विसरलास?" नाही विसरलो. तो छोटा डायनासोर जपानी कॉमिकमधून आलेला पाहुणाच होता आणि आम्हाला तो फार आवडायचा. म्हणजे पाहुण्यांवर माझा राग आहे म्हणावं तर तेही खरं नाही. पण गॉन खेळता खेळता मिळायचा, त्याचे वेगळे पैसे पडत नव्हते. मग राग पैशांवर आहे का? तसंही नाही, लेईसाठी मी खुशीनं मोजले होते.

२०२५ मध्ये दुसरा सीझन. ॲना, फाहकुमराम, आर्मर किंग, मियारी झो. पुन्हा लेई नाही. पहिले तिघे जुनेच, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. मियारी झो पूर्ण नवी, मादागास्करची, तिथल्या मोरेंगी नावाच्या लढाईवर बेतलेली. आधी चिडलो. मग त्या मोरेंगीचे व्हिडिओ पाहत बसलो. गावच्या मैदानात ढोल, भोवती गर्दी आणि मध्ये दोघं उघड्या मुठींनी भिडलेले. वाटलं, तिकडच्या एखाद्या पार्लरमधलं पोर आज काय नाचलं असेल! लाहोरच्या अर्सलान ॲशनं २०१९ मध्ये एव्हो जपान आणि अमेरिकेतलं एव्हो अशी दोन्ही विजेतेपदं मारली, तेव्हा आम्हीही असेच नाचलो होतो. पार्लरच्या पोरांना कुणीतरी मोजलं होतं.

तरी लेई हवाच.

आणखी एक. आवडतं पात्र आलं नाही म्हणून खेळ बनवणाऱ्यांना आईबहिणीवरून शिव्या घालणारे, धमक्या देणारे चाहते आहेत. त्यांच्या रांगेत मला उभं करू नका. हालचाली रेखाटणारा कारागीर कोण येणार आणि कोण नाही हे ठरवत नाही.

दुसऱ्या सीझनचा पास मी घेतला नाही. आर्मर किंग तेवढा सुटा घेतला. सुटं पात्र पासपेक्षा महाग पडतं, पण विकत काय घेतोय ते आधी कळतं. तुम्हीही चारही नावं जाहीर होईपर्यंत पास घेऊ नका.