ओल्या घाटासाठी टायर निवडताना

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, चाकणच्या कारखान्यात बनलेली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि वजन ११०० किलोच्या आसपास. कागदावर हे आकडे फार मोठे दिसत नाहीत, पण टॉर्क १५०० आरपीएमपासूनच हाताशी असतो आणि गाडी हलकी आहे, त्यामुळे वळणावळणाच्या रस्त्यावर ती जो आनंद देते तो तिच्याहून कितीतरी महाग गाड्यांत मला सापडलेला नाही. २०२२ मध्ये भारतातले पोलोचे उत्पादन थांबले. ज्यांनी गाडी ठेवली आहे ते ती जपतात, आणि जपताना हमखास येणारा मोठा खर्च म्हणजे टायर. दुकानात पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : थोडा रुंद टाका, गाडी भरलेली दिसेल, रोडला चिकटून चालेल. हा सल्ला मला पटत नाही. सह्याद्रीतले घाट पावसाळ्यात चालवून माझे मत असे बनले आहे की छोट्या चपळ गाडीचा टायर ओल्या रस्त्यावरच्या पकडीवरून निवडावा, आकार शक्यतो कंपनीचाच ठेवावा, आणि रुंदीवर जाणारा पैसा चांगल्या, ताज्या रबरासाठी खर्च करावा.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकते, या समजुतीपासून सुरुवात करू. टायरच्या आतल्या हवेने गाडीचे वजन पेललेले असते, म्हणून जमिनीला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ प्रामुख्याने दोनच गोष्टी ठरवतात : चाकावरचे वजन आणि हवेचा दाब. दोन माणसे बसलेल्या पोलोच्या एका पुढच्या चाकावर साधारण ३७५ किलो भार येतो असे धरू. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर क्षेत्रफळ येते सुमारे १७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढे. साइडवॉलचा ताठपणा आणि नक्षीतल्या खाचा धरल्या तर हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण मुद्दा बदलत नाही. १८५ मिलिमीटर रुंदीच्या जागी २०५ चा टायर बसवला तरी भार आणि हवा तीच राहते, त्यामुळे क्षेत्रफळही जवळपास तेवढेच राहते. बदलतो तो त्याचा आकार. लांबट ठसा आडवा आणि आखूड होतो. कोरड्या वळणावर हा आडवा ठसा खरोखर फायद्याचा असतो. स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. ओल्या रस्त्यावर मात्र तोच आकार उलटतो.

पाणी साचलेल्या रस्त्यावरून जाताना टायरला आधी वाटेतले पाणी बाजूला सारावे लागते, मग त्याला रस्ता सापडतो. टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी १५ सेंटिमीटर, पाण्याची जाडी ३ मिलिमीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला तर एका टायरला दर सेकंदाला सुमारे १० लिटर पाणी हटवावे लागते. पट्टा रुंद केला की हे पाणी वाढते, आणि ठसा आखूड झाल्यामुळे ते हटवायला मिळणारा वेळ कमी होतो. पाणी हटले नाही की टायर त्याच्यावर तरंगू लागतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग, ब्रेक, एबीएस, ईएसपी यांपैकी काहीही उपयोगाचे राहत नाही, कारण ही सगळी यंत्रणा टायरमार्फतच रस्त्याशी बोलते. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर केलेल्या अभ्यासातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते : हवेच्या दाबाचे (पीएसआय) वर्गमूळ काढून त्याला १०.३५ ने गुणले की तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. खाचांना पेलणार नाही इतके पाणी असेल तेव्हाचा हा ढोबळ अंदाज आहे, पण बोलका आहे. ३२ पीएसआयला ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात, २५ पीएसआयला ८३. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. जुलैतल्या सरीत, झिजलेल्या टायरवर आणि हवा तपासायचा कंटाळा केलेला असताना, कायदेशीर वेगातही गाडी पाण्यावर उचलली जाऊ शकते. भारतीय नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. ३ मिलिमीटर उरले की टायर बदलावा असे मी मानतो, कारण त्याखाली ओल्या रस्त्यावरची कामगिरी झपाट्याने घसरते आणि आपल्याकडे हा ओला रस्ता वर्षातले चार महिने असतो.

खाचा आणि रुंदी हे साचलेल्या पाण्याचे प्रश्न झाले. घाटात पाणी उतारावरून वाहून जाते आणि रस्ता नुसता ओला, गुळगुळीत राहतो. तिथे निकाल लागतो तो रबराच्या मिश्रणावर. ताशी ८० किलोमीटर वेगातून ब्रेक लावला आणि घर्षणाचा गुणांक ०.८ मिळाला तर गाडी ३२ मीटरच्या आत थांबते, ०.६ मिळाला तर ४२ मीटर लागतात. दहा मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली तिथे दुसरी गाडी अजून ताशी ४० किलोमीटर वेगात असते, आणि त्या वेगाने ताम्हिणीत किंवा वरंध्यात समोरच्या एसटीच्या मागच्या बाजूवर आदळणे ही लहान बाब नाही. युरोपात २०१२ पासून मोटारीच्या टायरच्या लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी द्यावी लागते, आणि तिथल्या अधिकृत माहितीनुसार त्या वेळच्या सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या श्रेणीत, चारही टायर धरून, ताशी ८० वरून थांबण्यात १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. भारतात ओल्या पकडीची किमान मर्यादा एआयएस-१४२ या मानकाने घातली आहे, मात्र ती मर्यादा टायर पास झाला एवढेच सांगते, किती गुणांनी पास झाला ते सांगत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे इंधन वाचवण्याविषयी आहेत, त्यांना पकडीचे तारे समजू नये. साइडवॉलवर कोरलेला ट्रेडवेअरचा आकडाही फसवा आहे, कारण तो उत्पादक स्वतः ठरवतो आणि दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. म्हणून मी टायरचे पूर्ण नाव घेऊन त्याची युरोपीय श्रेणी सार्वजनिक नोंदणीत पाहतो. एकाच नावाचा टायर आशियात वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो, त्यामुळे हा पुरावा अपुरा आहे हे मान्य. पण दुकानातल्या ‘एकदम मख्खन’ या शिफारशीपेक्षा तो कितीतरी भक्कम आहे.

टायर बनवणाऱ्यांपुढे तीन मागण्या असतात : टायर जास्त टिकावा, इंधन कमी लागावे आणि ओल्यात पकड मिळावी. एक वाढवली की दुसरी घटते. नुसत्या काजळीवर बनलेल्या जुन्या मिश्रणांत हा ताण तीव्र होता. मिशलिनने १९९२ मध्ये सिलिका मिसळलेला टायर आणला तेव्हा इंधनबचत आणि ओली पकड एकत्र सुधारण्याची वाट मिळाली. रबर सावकाश दबताना कमी ऊर्जा वाया गेली की इंधन वाचते, आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतून वेगाने कंप पावताना जास्त ऊर्जा शोषली की पकड मिळते. सिलिका या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते. पण टिकाऊपणाची मागणी तरीही उरते, आणि आपल्या बाजारात टायर विकला जातो तो मुख्यतः किलोमीटरवर. लाखभर किलोमीटर टिकेल असे कौतुकाने सांगितले जाते तेव्हा मला विचारावेसे वाटते की त्यासाठी कोणती मागणी मागे ठेवली.

रुंदीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. शर्यतीच्या गाड्यांना इतके रुंद टायर का असतात, हा प्रश्न रास्त आहे. त्यांचा रस्ता कोरडा असतो, टायर तापवून वापरलेले असतात आणि पाऊस आला की त्या वेगळे, खाचांचे टायर चढवतात. आपल्याला एकाच टायरवर मे आणि जुलै दोन्ही काढायचे असतात. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे : माझ्या गाडीच्या १८५/६० आर १५ या आकारात उत्तम पकडीचे पर्यायच थोडे आहेत, कारण त्या आकाराचे बहुतेक ग्राहक टिकाऊपणा मागतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातल्यावर हा पैस आणखी आक्रसला. कंपनीच्या आकारात मनासारखे रबर मिळतच नसेल तर १९५/६० आर १५ घ्यायला माझी हरकत नाही. त्याचा व्यास ६०३ मिलिमीटरवरून ६१५ होतो, म्हणजे दोन टक्के वाढ. तीन टक्क्यांच्या आतला फरक सर्वसाधारणपणे चालवून घेतला जातो. दर्शक १०० दाखवील तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा दोनने जास्त वेगात असेल एवढेच. २०५/५५ आर १६ मात्र जवळजवळ पाच टक्क्यांनी मोठा पडतो. गिअर लांबतात, पिकअप मंदावतो, चाक जड होते, चाकाच्या कमानीला टायर घासण्याची भीती राहते, आणि ज्या चपळाईसाठी गाडी घेतली तीच बोथट होते. भारांक आणि वेगाचे अक्षर यांत मात्र कंपनीने सांगितल्याच्या खाली जाऊ नये. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. एवढ्या वेगात कुणी जायचे नसते, तरी घाटात तापलेला टायर शाबूत राहण्यासाठी ती ताकद कामाला येते.

आकार बदलला की साइडवॉलची उंचीही बदलते. १८५/६० मध्ये ती १११ मिलिमीटर असते. २०५/४५ मध्ये ९२. कमी उंचीचा टायर वळणावर ताठ राहतो, हे खरे आणि मोहात पाडणारे आहे. पण पावसाने भरलेला खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही. कडेवर आदळला की आतले धागे तुटतात, टायरला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. नव्वदीच्या घरातल्या साइडवॉलपेक्षा शंभरावरची साइडवॉल आपल्या रस्त्यांवर शहाणपणाची आहे, आणि त्यामुळे जाणारा स्टिअरिंगचा धारदारपणा चांगले रबर बऱ्याच अंशी भरून काढते.

मऊ रबर लवकर झिजते, मग एवढा खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना मी गाडीचा वापर किती आहे ते विचारीन. अशा गाड्या बऱ्याच घरांत दुसरी गाडी असतात. ऑफिसला दुसरे वाहन आणि ही शनिवार-रविवारसाठी. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपण्याआधी वयाने संपतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होत जाते. नक्षी भरपूर दिसते, टायर नवा वाटतो आणि पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावर धूळ आणि तेलाचा थर पाण्याने सैल झालेला असतो, तेव्हा तो घसरतो. लाख किलोमीटर टिकणारा टायर अशा मालकाला त्याचे आयुष्य कधीच वसूल करून देत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक स्वतः वाचावेत : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात दोन उन्हाळे काढलेला टायर सवलतीत मिळाला तरी मी घेत नाही. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी सक्तीने बदल सुचवतात. आपल्या उन्हात मी दहाची वाट पाहणार नाही. रोज पुणे-नाशिक करणाऱ्याचे गणित वेगळे असेल, हे मला मान्य आहे. त्याने टिकाऊपणाला जास्त गुण द्यावेत, फक्त ओल्या पकडीची श्रेणी पाहिल्यावर द्यावेत.

चार टायर एकदम घेण्याइतके पैसे नसले तर दोन घ्यावेत, आणि ते मागे बसवावेत. हे ऐकून बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते, कारण पोलोसारख्या गाडीत इंजिनाची ओढ, स्टिअरिंग आणि बराचसा ब्रेक पुढच्याच चाकांवर असतो आणि झिजतातही पुढचेच. तरी मिशलिनसह मोठे उत्पादक नवे टायर मागेच लावायला सांगतात. ओल्या वळणावर पुढची चाके सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते, ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येते आणि पकड परत येण्याची शक्यता असते. मागची चाके सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तेव्हा घाबरून ॲक्सिलरेटर सोडल्याने मागचे वजन आणखी हलके होऊन ती जास्तच फिरते. ईएसपी थोडी मदत करते, तीही मागच्या टायरमध्ये जेवढी पकड शिल्लक असेल तेवढीच. पुढे ठेवायच्या जुन्या जोडीत निदान ४ मिलिमीटर खाच उरलेली असावी, नाहीतर दोनऐवजी चारच घ्यावेत आणि त्यासाठी अलॉय व्हीलचा बेत पुढच्या वर्षावर टाकावा. दुकानदार सवयीने नवे टायर पुढे चढवायला घेतो. गाडी जॅकवर चढण्याआधीच त्याला स्पष्ट सांगावे, आणि अलाइनमेंट, बॅलन्सिंग झाल्यावर हवा दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी, टायर थंड असताना भरून घ्यावी.