नाव पुढे सरकेना तेव्हा

डकार रॅली टीव्हीवर पाहण्यापेक्षा मोबाइलवर वाचायचीच जास्त असते. जानेवारीत सौदी अरेबियात पहाटे मोटारसायकली सुटतात. आपल्याकडे तोवर सकाळचा दुसरा चहा झालेला असतो, आणि वेळांच्या तक्त्यात एकेका नावापुढे आकडे उमटू लागतात. दोन आकड्यांच्या मधल्या वाळूत काय घडलं, ते चाहत्यानं ताडायचं. मला या स्पर्धेचं वेड लागलं ते या ताडण्यामुळेच.

इथे नुसता वेग कामाचा नाही. वाट दाखवणारा नकाशा स्वाराला मिळतच नाही. रोडबुकमध्ये असतात अंतरं, होकायंत्राच्या दिशा आणि धोक्याच्या खुणा. पूर्वी ही कागदाची गुंडाळी हँडलसमोरच्या डबीत बसवलेली असे, आता टॅब्लेट आला आहे. पाय ठेवायच्या पेगांवर उभं राहून, उसळत्या गाडीवर हे रोडबुक वाचायचं. शिवाय काल जिंकलेला आज सर्वांत आधी सुटतो. त्याच्यापुढे चाकांची एकही खूण नसते, मागच्यांना मात्र त्याची वाट आयती मिळते. त्यामुळे कालचा विजेता आज दहा मिनिटांनी मागे पडला तरी मुरलेला चाहता हळहळत नाही, उद्याचं गणित मांडतो. 2023 मध्ये हजारो किलोमीटरच्या लढतीनंतर केविन बेनाविडेसनं टोबी प्राइसला हरवलं ते अवघ्या 43 सेकंदांनी!

2015 मध्ये सी. एस. संतोष यांनी डकार पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. 2017 पासून हीरो या भारतीय कंपनीचा संघ उतरू लागला आणि तक्त्यात आपली माणसं शोधण्याची गोडी वाढली. पाउलो गोन्साल्वेस पोर्तुगालचा, पण हीरोच्या गाडीवर आला तेव्हा तोही आपलाच झाला.

2020 च्या तिसऱ्या टप्प्यात त्याचं इंजिन गेलं. मदतीचा ट्रक येईपर्यंत तो वाळवंटात थांबला, इंजिन बदललं आणि टप्पा पुरा केला. क्रमवारीत आशा उरली नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटला. 12 जानेवारीला, रविवारी, त्याचं नाव पुढे सरकेना. मी पान सारखं रिफ्रेश करत होते. 276 व्या किलोमीटरला तो पडला होता. प्राइस सर्वांत आधी पोहोचला, स्वतःची शर्यत सोडून थांबला. गोन्साल्वेस वाचला नाही. वय 40.

याच गोन्साल्वेसनं 2016 मध्ये मांडीचं हाड मोडलेल्या मथियास वॉकनरसाठी गाडी थांबवली होती. जखमीसाठी थांबलेल्याचा वेळ नंतर भरून दिला जातो, असा नियम आहे. पण त्या क्षणी वेळेचा हिशेब कोण करतं? मला ही माणसं मोठी वाटतात ती इथे.

2022 मध्ये जोआकिम रॉड्रिग्जनं हीरोच्या गाडीवर एक टप्पा जिंकला. भारतीय कंपनीच्या गाडीचा हा डकारमधला पहिला टप्पाविजय. जोआकिम म्हणजे गोन्साल्वेसचा मेहुणा. त्या दिवशी डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच नाही.

पुढे 2024 मध्ये बोत्स्वानाचा रॉस ब्रांच हीरोच्या गाडीवर दुसरा आला, आणि केरळच्या शोरनूरचा हरिथ नोहा एकूण अकरावा, रॅली-2 गटात पहिला. हा गट जिंकणारा तो पहिला भारतीय. पुढच्याच वर्षी सुरुवातीच्या छोट्या फेरीत पडून मनगट मोडल्यानं त्याला बाहेर पडावं लागलं.

त्याच 2025 मध्ये पुण्याचे संजय टकले जुन्या गाड्यांच्या ‘डकार क्लासिक’मध्ये लँड क्रूझर घेऊन उतरले. तिथे ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. उशीर झाला तर दंड, आणि वेळेआधी पोहोचलं तरीही दंड. वर्षानुवर्षं कमीत कमी वेळ शोधायची सवय झालेल्या मला तो तक्ता वाचायला नव्यानं शिकावं लागलं.