हौसेची होडी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात राहून नौकेवरच्या कराचा न्याय-अन्याय ठरवायला बसणे, म्हणजे टकल्याने फणीच्या किमतीवर वाद घालण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हां मंडळींना घागर ठाऊक, नौका कुठली? पण ज्याला वस्तू विकतच घ्यायची नाही, त्याच्याइतका निःपक्षपाती पंच दुसरा कोण मिळणार!

२२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशात मौजेच्या नौकेवर वस्तू व सेवा कर शेकडा ४० झाला. मासेमारीच्या नावेवर तो शेकडा ५ आहे. पोटाची होडी निराळी आणि हौसेची होडी निराळी, हा भेद मला मनापासून पटतो. नुसते वारे खाण्यासाठी ज्याने लाखो रुपये पाण्यात घालायचे ठरवले, त्याला आणखी काही सरकारी तिजोरीत घालणे जड जाऊ नये.

खटकते ते पुढेच. याच ४० टक्क्यांच्या पंगतीत साखरेचे फसफसते शीतपेयही बसवले आहे. म्हणजे दिवसभर सोयाबीन काढून थकलेला मजूर तुळजापूरच्या स्थानकावर एक गार बाटली उघडतो, तेव्हा तो नौकेच्या धन्याशी मांडीला मांडी लावून बसतो! साखर बाधते म्हणून कर लावला, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. पण एकाचा कर शिलकीतून जातो आणि दुसऱ्याचा उद्याच्या भाजीतून. दर सारखा असला, म्हणून भार सारखा होत नाही.

मौज हे काही पाप नव्हे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नळदुर्गला बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. डोक्यावरून नदी कोसळावी आणि आपण आत कोरडे बसून ती पाहावी, यापरती चैन कोणती? पण तो बांध किल्ल्याला पाणीही पुरवीत होता; आणि आज तेच धबधबे पाहायला घरोघरची माणसे पोराबाळांसह जातात. एकाच्या हौसेतून चारचौघांच्या पदरात काही पडावे, एवढीच माझी कराविषयी अपेक्षा.

तेव्हा मजुराची बाटली त्या पंगतीतून खुशाल उठवावी. नौका मात्र बसू द्यावी. तिच्या करातला एखादा रुपया आमच्याकडच्या एखाद्या वस्तीच्या नळापर्यंत पोचला, तर तिच्या मालकाने हवे तेवढे वारे खावे. आमची ना नाही.